घाटातले धबधबे आणि कोकणातले किनारे: फिल्टर गोल घ्यावेत, चौकोनी की चुंबकी?

ओलाकातळ

नमस्कार मंडळी,

कॅमेरा निकॉन झेड सिक्स टू. लेन्स तीन: १४-३० एफ/४ (पुढचे आटे ८२ मिमी), २४-१२० एफ/४ (७७ मिमी) आणि ५० एफ/१.८ (६२ मिमी). पावसाळ्यात घाटातले धबधबे आणि ओढे, थंडीत कोकणातले किनारे, तेही बहुतेक सूर्यास्तापासून अंधार पडेपर्यंत. ट्रायपॉड कायम सोबत. व्हिडिओ जवळपास नाहीच.

फिल्टर अजून एकही घेतलेला नाही. एकदाच नीट ठरवून एकच पद्धत धरायची आहे, निम्मं या खोक्यात नि निम्मं त्या खोक्यात असं व्हायला नको. पर्याय तीन दिसतात: आट्यांवर फिरवून बसवायचे गोल फिल्टर, १०० मिमी होल्डरमध्ये सरकवायच्या चौकोनी काचा, आणि हल्लीचे चुंबकी, ज्यात लेन्सवर एक रिंग कायम राहते आणि फिल्टर तिला चिकटतात.

विचारायचं आहे ते हे. ८२ चे फिल्टर घेऊन बाकी दोन लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी) लावली तर नुकसान काय? १४ मिमीला कोपरे काळे पडतात म्हणतात, ते कितपत खरं? आणि आजच्या सेन्सरवर ग्रॅज्युएटेड फिल्टरची (वर गडद, खाली स्वच्छ काच) गरज उरली आहे का? नसेल तर चौकोनी होल्डरचा विषयच मिटतो. ब्रँडवरून जुंपायला नको, पद्धतीवर बोलू.

सहाथांबे

तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करतो. आधी कोणते फिल्टर लागतात ते ठरवा, मग ते कशावर बसवायचे ते आपोआप ठरतं.

पावसाळ्यासाठी पहिला नंबर सीपीएलचा, म्हणजे पोलरायझरचा. निळं आभाळ गडद करायला नव्हे. ते आभाळ तेव्हा असतंच कुठे? ओली पानं आणि ओला काळा कातळ यांच्यावर पांढरट चकाकी चढते आणि रंग धुऊन निघतात. ती चकाकी फक्त पोलरायझरच काढतो, नंतर सॉफ्टवेअरमध्ये ती निघत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरची चमक सर्वांत जास्त निघते ती तुमची नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हा. म्हणून डोह अगदी जमिनीलगत बसून किंवा थेट वरून टिपला तर फिल्टर फिरवूनही फारसा फरक दिसत नाही, आणि लोक फिल्टरला नावं ठेवतात. फिरवताना डोळा व्ह्यूफाइंडरला हवा. पूर्ण जोर लावलाच पाहिजे असं नाही. डोहावरची सगळी चमक गेली की पाणी मेल्यासारखं दिसतं, थोडी राहू द्या. आणि समोर तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर जपून, त्याचा प्रकाश स्वतःच पोलराइज्ड असतो. फिल्टर एका बाजूला फिरवला की धनुष्य खुलतं, ९० अंश फिरवला की गायब.

आता हिशेब. दाट झाडी, ढगाळ दुपार, आयएसओ १००, एफ/११ असताना शटर १/१५ च्या आसपास येतं. सीपीएल दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे तुम्ही १/४ सेकंदावर आलात. भर पावसातल्या जोरकस धबधब्याला १/८ ते १/२ पुरे, पाण्याची शिरन्‌शीर दिसते आणि मऊपणाही येतो. म्हणजे झाडीतल्या ओढ्याला वेगळा एनडी, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर, बहुतेक वेळा लागतच नाही. पण ढग फाकून ऊन पडलं की त्याच एफ/११ ला शटर १/२०० होतं. तिथे ६ स्टॉपचा एनडी लावला की १/३ सेकंद, वर सीपीएल ठेवला तर एक ते सव्वा सेकंद.

किनाऱ्यावर सूर्य टेकताना एफ/११ ला १/१५ धरा. ६ स्टॉपने ४ सेकंद, १० स्टॉपने एक मिनिट ७-८ सेकंद. परत जाणाऱ्या लाटेच्या रेघा वाळूवर हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद लागतो, आणि तो सूर्य बुडाल्यानंतर थोड्या वेळात सीपीएलवरसुद्धा मिळतो. १० स्टॉप लागतो तो फक्त समुद्राचं धुकं करायचं असेल तेव्हा. एकच एनडी घ्यायचा तर माझं मत डोळे मिटून ६ स्टॉप.

विकत घेताना आकड्यांची गल्लत करू नका. एनडी६४, १.८ आणि ६ स्टॉप हे तिन्ही एकच. एनडी१०००, ३.० आणि १० स्टॉप एकच. ०.६ लिहिलेला फिल्टर म्हणजे २ स्टॉप, सहा नव्हे.

स्टेप-अप रिंगने चित्राचं काहीही बिघडत नाही, कारण फिल्टर लेन्सपेक्षा मोठाच असतो. बिघडतं ते हूडचं. ७७-८२ रिंग लावली की २४-१२० चा मूळ हूड त्यावरून जात नाही. पावसात हूड हेच पहिलं छप्पर असतं, त्यामुळे हे नुकसान खरं आहे. छत्री धरणारा कुणी सोबत असेल तर प्रश्न सुटला. बाजूने येणारा प्रकाशही अडतो. ५० मिमीसाठी थेट ६२-८२ घ्या. ६२-७७ वर ७७-८२ असे मजले चढवू नका. प्रत्येक जोड ही अडकून बसायची एक जागा असते.

यूव्ही फिल्टरचं विचारलं नाहीत ते बरं केलंत. डिजिटलवर तो फक्त संरक्षक काच म्हणून उरला आहे. खारे तुषार उडत असतील तिथे जरूर लावा, पण सीपीएल लावताना काढून ठेवा.

क्षितिजरेषा

सहाथांबे यांच्याशी पावसाळ्यापुरता सहमत. कोकणाबाबत नाही.

सह्याद्रीत ग्रॅज्युएटेड फिल्टर कुचकामी ठरतो, कारण तिथे आभाळ आणि जमीन यांच्यातली रेघ सरळ नसतेच. सुळका, कडा, झाडाचा शेंडा, जे काही रेघेच्या वर जाईल ते काळं पडतं. पश्चिमेला तोंड करून कोकणातल्या पुळणीवर उभे राहा, क्षितिज पट्टी मारल्यासारखं मिळतं. जीएनडी, म्हणजे हा ग्रॅज्युएटेड फिल्टर, याच जागेसाठी जन्माला आलाय.

आता प्रकार. सॉफ्टमध्ये गडद भाग हळूहळू विरतो, हार्डमध्ये मधोमध जवळपास तुटक रेघ असते, रिव्हर्समध्ये सर्वांत गडद पट्टा मधोमध असतो आणि वर जाताना तो फिका होतो. सूर्य क्षितिजावर टेकलेला असताना सर्वांत उजळ पट्टा क्षितिजालाच असतो, डोक्यावर नाही. तिथे साधा सॉफ्ट लावला तर वरचं आभाळ विनाकारण शाईसारखं होतं आणि सूर्याजवळचा भाग जळलेलाच राहतो. समुद्रासाठी ३ स्टॉपचा (०.९) रिव्हर्स किंवा मीडियम. दोन काचांचं बजेट असेल तर दुसरी २ स्टॉपची सॉफ्ट.

किती स्टॉपची लावायची ते स्पॉट मीटरने ठरवा. आभाळाचा उजळ भाग (सूर्य नव्हे) आणि समोरची ओली वाळू यांत ४ स्टॉपचा फरक आला तर ४ ची काच लावायची नाही, ३ ची लावायची. आभाळ त्याच्या प्रतिबिंबापेक्षा उजळच दिसलं पाहिजे. उलटं झालं की फोटो बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

रेघ बसवताना काच हळूहळू खाली आणा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये क्षितिज कुठे गडद व्हायला लागतं ते पाहा. हे प्रत्यक्ष वापरायच्या अॅपर्चरवरच करा. एफ/४ ला रेघ पसरट दिसते, एफ/११ ला तीच काच जास्त धारदार होते.

ब्रॅकेटिंग करून (एकच दृश्य कमी-जास्त एक्स्पोजरला टिपून) जोडता येतं हा मुद्दा मान्य, २ स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घेतल्या की आभाळ सुटतं. पण किनाऱ्यावर तीन फ्रेममध्ये तीन वेगळ्या लाटा असतात, आणि माडाच्या झावळ्या तीन वेगळ्या जागी. जोडकाम जमतं, पण झावळीच्या टोकांना भुताटकी दिसते आणि ती हाताने पुसत बसावं लागतं. हे आवडणारेही लोक आहेत. मला एका फ्रेममध्ये संपलेलं बरं.

१०० मिमी संचाची रचना अशी: लेन्सवर ८२ ची अडॅप्टर रिंग, तिच्या आत बसणारा सीपीएल, त्यावर होल्डर, होल्डरला दोन-तीन खाचा. एनडीची काच १०० × १०० मिमी, जीएनडीची १०० × १५० मिमी, बहुतेकांची जाडी २ मिमी. सीपीएल बाजूच्या छोट्या चाकाने फिरतो आणि जीएनडी जागची हलत नाही, हा या रचनेचा सर्वांत मोठा फायदा. १० स्टॉपची काच नेहमी लेन्सच्या सर्वांत जवळच्या खाचेत आणि तिची फोमची गॅस्केट लेन्सच्या बाजूला. उलटी घातली तर फटीतून शिरलेला उजेड मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये चित्रावर फिकट पट्टा ओढतो.

काच की रेझिन? रेझिन हलकं, पडलं तर फुटत नाही, पण कोकणातली वाळू बोटाला लागलेली असताना एकदा पुसलं की ओरखडा कायमचा. काच ओरखडे सोसते, कातळावर पडली की मात्र तुकडे.

एक कबुली: तुषार उडत असताना हा संच म्हणजे शिक्षा. दोन काचांच्या मध्ये थेंब गेला तर दोन्ही काढून चारही बाजू पुसाव्या लागतात. धबधब्याखाली मी कुणालाही चौकोनी काचा सुचवणार नाही.

लोहचुंबकी

तुमच्या गरजेला चुंबकी ८२ मिमी. कारण एकच: पावसात ओल्या बोटांनी ०.७५ मिमी अंतराचे आटे जुळवत बसावं लागत नाही. रिंग घरीच चढवून ठेवायची, जागेवर फक्त टक करून फिल्टर लावायचा आणि तसाच उचलायचा. थेंब पडला, काढला, पुसला, लावला, पाच सेकंद.

तरी घेण्याआधी हे माहीत असू द्या.

एक, वेगवेगळ्या कंपन्यांचे चुंबकी फिल्टर ८२ लिहिलेले असले तरी एकमेकांवर नीट बसतीलच असं नाही. कडेची पायरी आणि चुंबकांची मांडणी निराळी असते. इथे मात्र एकाच घराशी लग्न लावावं लागतं.

दोन, झाकण. काही रिंगांना आतून आटे असतात, तिथे लेन्सचं मूळ चिमटीचं झाकण चालतं. नसतील तर चुंबकी झाकण घ्यावं लागतं, आणि ते बॅगेत नुसत्या घासण्याने निघतं. बॅगेत लेन्स टाकताना मूळ झाकणच हवं.

तीन, आणि हे कोकणवाल्यांनी लक्ष देऊन वाचावं: काळी वाळू. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यांवर वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. मॅग्नेटाइट चुंबकाला सरळ चिकटतं. फिल्टर एकदा वाळूत पडला किंवा वाळूने भरलेल्या खिशात गेला की कडेला बारीक काळी लव आल्यासारखी दिसते. मग तो रिंगवर सपाट बसत नाही, एका बाजूने केसभर उचललेला राहतो, आणि सीपीएल फिरवताना कचकच जाणवते. ब्लोअर कितीही मारा, कण उडत नाहीत, चुंबक धरून ठेवतो. उपाय साधा आहे: फिल्टर उलटा, तोंड जमिनीकडे. चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, चिकट बाजू बाहेर करून बोटाला गुंडाळायचा आणि कडेवर टिपत जायचं, घासायचं नाही. काचेला पट्टी लागू द्यायची नाही. लेन्सवरच्या रिंगचंही असंच करायचं, तेव्हा लेन्स जमिनीकडे वाकवलेली हवी, नाहीतर कण पुढच्या काचेवरच पडतील. पांढऱ्या वाळूवर हा त्रास जवळपास नाही.

चार, वारा आणि धक्का. नुसत्या वाऱ्याने फिल्टर पडत नाही. पडतो तो कॅमेऱ्याचा पट्टा कडेत अडकून, किंवा हूड काढताना बोट लागून. ट्रायपॉडवर असताना पट्टा काढूनच टाका, मोठ्या एक्स्पोजरला तो वाऱ्याने हलतोही.

क्रम विचाराल तर रिंग, मग एनडी, सर्वांत बाहेर सीपीएल. सीपीएल फिरवावा लागतो, तो आत गेला तर त्याच्यासोबत बाहेरचं सगळंच फिरतं.

भिंगरी

थोडं अवांतर. पुढे कधी १४-२४ एफ/२.८ वर जाणार असाल तर आजचं ८२ तिथे चालणार नाही हे धरून चला. झेड माउंटच्या त्या लेन्सला खास हूडमधून ११२ मिमीचा फिल्टर लागतो, आणि मागच्या बाजूला जिलेटिनचा तुकडा कापून सरकवायची सोय आहे. जुन्या एफ माउंटच्या १४-२४ ला तर फुगीर काचेमुळे १५० मिमीचा होल्डरच लागायचा.

सेन्सरसमोर बसणारे क्लिप-इन फिल्टर कुणी सुचवले तर पावसाळ्यासाठी नको म्हणा. प्रत्येक वेळी लेन्स काढायची म्हणजे सेन्सर उघडा टाकायचा, समोर तुषार.

व्हेरिएबल एनडीही नको. ते दोन पोलरायझर एकमेकांवर ठेवून केलेलं असतं. व्हिडिओवाल्यांना २५ फ्रेमला १/५० धरून ठेवायला उत्तम, पण १४ मिमीला जोर वाढवला की चित्रावर काळी फुली उमटते. ती काही दुरुस्त होत नाही.

ओलाकातळ

सर्वांचे आभार, भरपूर कळलं. चुंबकीकडे कल झाला आहे. तीन शंका उरल्या. १४ मिमीला सीपीएल आणि एनडी दोन्ही एकावर एक चालतील का? हे घरी कसं तपासायचं? १० स्टॉपशिवाय समुद्र मऊ करायची काही युक्ती? आणि स्टेप-अप रिंग अडकून बसली तर?

सहाथांबे

कोपऱ्यांचं घरी तपासून घ्या, माझ्या किंवा कुणाच्या आकड्यावर विसंबू नका, कारण रिंगची उंची कंपनीगणिक बदलते. पांढरी भिंत किंवा ढगाळ आभाळ, १४ मिमी, फोकस अनंतावर, एफ/११. एफ/४ ला तपासू नका. मोठ्या अॅपर्चरला फिल्टरच्या कडेची सावली पसरट होते आणि लेन्सच्या स्वतःच्या कोपऱ्यांच्या काळोखात मिसळून जाते. एफ/११ ला तीच कड चावा घेतल्यासारखी स्वच्छ दिसते. आधी बिनफिल्टर, मग एक, मग दोन. १४-३० चं डिस्टॉर्शन बरंच असतं आणि प्रोफाइल ते सरळ करताना कोपऱ्यांचा थोडा भाग कापतं, म्हणून दुरुस्तीनंतरचा कोपरा पाहा. कामाचा तोच. दोन फिल्टरना कोपरा गेला तर लेन्स थोडी थोडी पुढे फिरवत जा आणि कुठे साफ होतो तो आकडा लक्षात ठेवा. १५ किंवा १६ ला साफ होत असेल तर तेवढ्यासाठी ९५ मिमीचा संच घेण्यात अर्थ नाही.

सीपीएल १४ मिमीला निळ्या आभाळावर वापरू नका. सूर्यापासून ९० अंशांवर आभाळ सर्वांत जास्त काळवंडतं आणि १४ मिमी ११४ अंश बघते. परिणाम: आभाळाच्या मधोमध निळा डाग. ढगाळ दिवशी ही अडचण नाही, म्हणून पावसाळ्यात बिनधास्त.

१० स्टॉपशिवाय मऊ समुद्राची युक्ती कॅमेऱ्यातच आहे. मल्टिपल एक्स्पोजर, १० फ्रेम, ओव्हरले मोड अॅव्हरेज. ६ स्टॉपने ४ सेकंद मिळत असतील तर अशा दहा फ्रेमची सरासरी म्हणजे ४० सेकंदांचा समुद्र. दोन फ्रेमच्या मधल्या फटी संथ पाण्यात कळत नाहीत. जाणारी होडी किंवा बोटीचा दिवा असेल तर मात्र तुटक ठिपके उमटतात. तिथे खरा एनडीच हवा.

१० स्टॉप घेतलाच तर फोकस आणि फ्रेम फिल्टर लावण्याआधी ठरवा, मग फोकस मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, डेलाइटला बांधा आणि रॉ काढा, म्हणजे फिल्टरची रंगछटा सगळ्या फ्रेमवर सारखी राहील आणि एकदाच दुरुस्त होईल. सूर्य बुडाल्यावर प्रकाश इतका झपाट्याने उतरतो की दोन मिनिटांचा हिशेब सुरू केला तेव्हाचा आणि संपेपर्यंतचा सारखा राहत नाही. आलेल्या आकड्यात तिसरा हिस्सा वाढवून धरा.

घट्टरिंग

अडकलेल्या रिंगबद्दल मी लिहितो.

अडकते ती मुख्यतः तीन कारणांनी: अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासून चिकटतं, आट्यांत वाळू किंवा खार बसतो, किंवा आटा मुळातच वाकडा चढवलेला असतो. तिसरं टाळता येतं. रिंग लेन्सवर सपाट ठेवा आणि आधी उलटी, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवा. पाऊण-एक वळणात बोटाला बारीक टक जाणवतं, आटा आट्यावरून खाली उतरल्याचं. तिथून सुलटी फिरवा. जोर लागला तर थांबा, वाकडी चढते आहे. शेवटी टेकली की बोटांच्या टोकांनी जेवढी बसेल तेवढीच. पिळायची नाही. पितळी रिंग मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजा, ती कमी चिकटते.

तरीही अडकली तर सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन बाजूंनी चिमटीत दाबून जोर करणं. पातळ रिंग लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. त्याऐवजी भाजीच्या जुडीला असतो तसा रुंद रबर बँड कडेभोवती गुंडाळा आणि पूर्ण तळव्याने, चारही बाजूंनी सारखा हलका दाब देत फिरवा. नाही निघाली तर स्वच्छ, सपाट रबरी तळाची चप्पल उलटी ठेवा, लेन्सचं तोंड खाली करून फिल्टरची कड तिच्यावर हलकेच टेकवा आणि लेन्स फिरवा. दाब सगळ्या कडेवर सारखा पडतो म्हणून निघते. पुढची काच फुगीर असेल तर हा उपाय नको. त्यानंतर फिल्टर रेंच, प्लास्टिकचे दोन मिळतात, एक रिंगला आणि एक फिल्टरला. तेल किंवा गंज सोडवणारा फवारा अजिबात नको, तो आट्यांतून काचेवर पसरतो.

कोकणातून परतल्यावर फिल्टर लेन्सवरून काढूनच ठेवा. खार असेल तर आधी ब्लोअर, मग काचेवर तोंडाची वाफ सोडून मऊ कापड. साधा एनडी किंवा यूव्ही गोड्या पाण्याखाली धरता येतो. सीपीएल नाही, दोन थरांच्या मध्ये पाणी शिरलं की कडेने पांढरट डाग चढत जातो. पावसाळ्यात ओले फिल्टर पाकिटात बंद करू नका, पंख्याखाली सुकवा आणि मग सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात. फिल्टरच्या कडेला धरलेली बुरशी लेन्सवर जायला वेळ लागत नाही.

क्षितिजरेषा

होल्डर घेणार नसाल तरी १०० × १५० ची ३ स्टॉप काच एकटी घ्या आणि हातात धरून वापरा. ४ सेकंदांच्या एक्स्पोजरला काच लेन्सच्या अगदी लगत धरून दोन-तीन मिलिमीटर वरखाली हलवत राहायचं, रेघ आपोआप विरते, हार्ड असली तरी. मात्र काच लेन्सला टेकवायची नाही, ट्रायपॉड हलतो. आणि सूर्य पाठीशी असेल तर नकोच, काचेच्या मागच्या बाजूवरून तुमचंच प्रतिबिंब चित्रात येतं.

ओलाकातळ

ठरलं मग: ८२ ची चुंबकी रिंग, सीपीएल, ६ स्टॉप, ७७-८२ आणि ६२-८२ रिंगा. जीएनडीची एक सुटी काच थंडी सुरू झाल्यावर. पार्सल आल्यावर माल खरा आहे का ते कसं बघू?

लोहचुंबकी

परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा.

सीपीएलची पुढची बाजू लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याकडे करून फिल्टर डोळ्यासमोर धरा आणि फिरवा. एका जागी पडदा जवळपास काळा झाला पाहिजे. नुसता निळसर किंवा जांभळट झाला तर आधी फिल्टर उलटा धरला नाही ना ते बघा. सुलटा असूनही तसंच असेल तर परत पाठवा.

एनडीसाठी एकसारखा प्रकाश असलेली पांढरी भिंत. खिडकीचं ऊन नको, ढग सरकला की हिशेब चुकतो. घरातला दिवा चालेल, पण मग एक्स्पोजर १/५० पेक्षा हळू ठेवा. आयएसओ १००, बिनफिल्टर १/१५, फिल्टर लावून ४ सेकंद. दोन्ही हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर एकाच जागी हवा. तिसरा हिस्सा स्टॉपचा फरक सोडून द्या. अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर तेवढी भर कायम घालावी लागेल, ती फिल्टरच्या डबीवर पेनाने लिहून ठेवा. त्याच दोन फ्रेममध्ये रंगही बघा. हलकी ऊब किंवा गारवा चालतो, कारण तो सगळीकडे सारखा असतो. मध्ये एक आणि कडेला दुसरा रंग दिसला तर डबी बंद करून पार्सल परत.